मावशी तीन दिवस आल्या नाहीत, म्हणून चोरी त्यांनीच केली?

सायली_प
सासूबाईंची मोत्याची एक कुडी सोमवारपासून सापडत नाहीये. मंगळवारपासून आमच्या भांडीवाल्या मावशी आलेल्या नाहीत, फोनही लागत नाही. सासूबाई म्हणतात, "चोरी केलेली बाई तोंड दाखवायला यायची नाही. ही आली का? नाही. मग झालं तर!" घरात सगळ्यांना पटलं. मला पटत नाही, पण नेमकं चुकतंय कुठे ते सांगता येत नाही. मावशी अकरा वर्षं आमच्याकडे आहेत, माझ्या बाळंतपणात रात्रीच्या थांबल्यात. हे काढलं की "तुझी माया मध्ये येते" म्हणतात. मायेशिवायचं उत्तर हवंय. अकरावीला तर्कशास्त्र होतं, आता काही आठवत नाही.

भाऊकाका
सायलीताई, सासूबाईंचं पहिलं वाक्य खरं धरलं तरी निष्कर्ष निघत नाही. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. पण अंगण ओलं दिसलं म्हणजे पाऊसच पडला असं नाही, कुणी सडा घातला असेल. 'जर'चा भाग पूर्वांग, 'तर'चा भाग उत्तरांग. उत्तरांग खरं म्हणून पूर्वांग खरं ठरत नाही. उत्तरांग खोटं असेल तर पूर्वांग खोटं, एवढं मात्र पक्कं. म्हणजे मावशी बुधवारी कामावर आल्या असत्या, तर सासूबाईंच्याच वाक्यावरून त्या निर्दोष ठरल्या असत्या. तसं त्यांनी मानलं असतं का, विचारून बघा.

ओलं_सरपण
न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, हेच धूर आणि अग्नीवरून शिकवतात. धूर दिसला की अग्नी आहे म्हणता येतं. अग्नी आहे म्हणून धूर असेलच, असं नाही. ग्रंथांत त्याला तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात. मी लहानपणी लोहाराच्या भात्यापाशी बसून लालबुंद फाळ बघायचो, त्यातून धुराची रेघसुद्धा निघत नसे. धूर यायला सरपण ओलं लागतं. पावसाळ्यात चूल फुंकून फुंकून आजीचे डोळे लाल व्हायचे ते त्यामुळेच. या लपलेल्या अटीला 'उपाधी' म्हणतात. न येणं हे चोरीत दिसेल तसं तापातही दिसेल, गावाकडे कुणी गेलं तरी दिसेल. अनुमानासाठी दिलेल्या कारणाला न्यायात 'हेतू' म्हणतात. असा दोन्हीकडे लागू पडणारा हेतू म्हणजे अनैकांतिक, आणि तो हेत्वाभासात, म्हणजे वरवर खऱ्या वाटणाऱ्या फसव्या कारणांत, मोडतो.

आणखी एक. अकरा वर्षांचा अनुभव ही नुसती माया नव्हे, तोही पुरावाच आहे. त्याने चोरी झालीच नाही हे सिद्ध होत नाही, पण सिद्ध करायचं काम आरोप करणाऱ्याचं.

सायली_प
भाऊकाका, विचारलं. "बुधवारी आली असती तर?" त्या पटकन म्हणाल्या, "साळसूदपणे आली म्हटलं असतं." आणि मग स्वतःच गप्प झाल्या. आली तरी चोर, न आली तरी चोर, हे त्यांनाच ऐकू आलं. कुडी अजून सापडलेली नाही. मावशींची खोली मला माहीत आहे, उद्या दुपारी जाऊन येते. कुडीचं काढणार नाही, तब्येतीचं विचारणार आहे.