हू, दॅट आणि आपलं जो-तो

प्रश्न असा आहे की इंग्लिशमध्ये 'द बुक दॅट आय बॉट' ऐवजी नुसतं 'द बुक आय बॉट' म्हणतात, तर मधला दॅट गेला कुठे आणि असा गाळलेला चालतो का. चालतो, पण दरवेळी नाही. तिथे आतल्या वाक्यात ('आय बॉट') आय हा कर्ता आहे आणि पुस्तक कर्म, म्हणून दॅट उडवला तरी काही बिघडत नाही. पण 'द मॅन हू कॉल्ड मी इज हिअर' मधला हू स्वतःच कर्ता आहे, तो काढला की 'द मॅन कॉल्ड मी' वाचून वाटतं झालं वाक्य, आणि मग पुढे 'इज हिअर' येतं नि सगळा घोळ होतो.

आपली खरी गोची जो-तो मुळे होते. 'जो मुलगा काल आला तो माझा भाऊ' म्हणायची सवय, मग तो 'तो' नकळत इंग्लिशमध्ये पण घुसतो, 'द बॉय हू केम यस्टरडे ही इज माय ब्रदर'. मी तर बारावीपर्यंत असंच लिहायचे :) त्यापेक्षा 'काल आलेला मुलगा' असं डोक्यात आणायचं, मग तो जास्तीचा 'तो' सुचतच नाही, फक्त इंग्लिशमध्ये हे वर्णन मुलाच्या नंतर टाकायचं.

अजून एक, स्वल्पविराम. 'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन नाशिक' असं सलग लिहिलं तर भाऊ बरेच असून त्यातला नाशिकवाला असा अर्थ निघतो. हू च्या आधी आणि नाशिकनंतर स्वल्पविराम दिला की भाऊ एकच, नाशिक आपलं जाताजाता सांगितलं. आणि या दुसऱ्या प्रकारात हू ऐवजी दॅट नाही चालत.