खोडील, खोडकर की खोडसाळ? (दुष्ट जादूगारासाठी शब्द हवाय)

सरकी
गावच्या वाचनालयात पोरांना वाचून दाखवायला एक अद्भुतकथा लिहितेय. त्यातला जादूगार राज्यातल्या विहिरी एकेक करून पिऊन टाकतो. परवा सपरीत बसून वाचत होते. 'दुष्ट, क्रूर, पाषाणहृदयी' असं सगळं घातलेलं. मोठे बाबा सुपारी कातरत ऐकत होते. म्हणाले, "थे सारं ठीक हाय, पन याची खोड काय हाय? खोडील बैल असला तं मालकाले मालूम रायते, थो कोठी बसते. तुया जादूगार नुसताच वाईट हाय. असा मानूस म्या पायला नाही."
पटलं. पोरंही घाबरण्याऐवजी जांभया देत होती. म्हणून लिहिलं, 'तो मोठा खोडील जादूगार होता'. मजकूर तपासणाऱ्या पुण्याच्या मैत्रिणीने त्याचं 'खोडकर' केलं! आता माझा जादूगार म्हणजे वर्गात वेण्या ओढणारं कार्टं. खोडील माणसाला म्हणतात की नाही?

शुद्धमती
खोडील जनावराला, खोडकर मुलाला, खोडसाळ माणसाला. तुम्हाला 'खोडसाळ' हवाय. प्रमाण भाषेत लिहायचं तर एवढं पथ्य पाळावं.

धुरकरी
शुद्धमतीताई, खोडसाळ माणूस निनावी चिठ्ठ्या लिहितो. विहिरी पिणाऱ्याला खोडसाळ म्हणणं म्हणजे वाघाला चावरा म्हणणं.
आमच्याकडे एक बैल होता. कामाला देवमाणूस, पण पांढरं धोतर दिसलं की शिंग रोखायचा. लहानपणी धोतरवाल्या कोणीतरी त्याला डागलं होतं म्हणे. आम्ही पोट्टे त्याला भ्यायचो आणि पोळ्याला त्याच्याच शिंगांना रंग लावायला भांडायचोही. त्याला दुष्ट म्हणायची कोणाची छाती नव्हती. खोडील म्हणायचे. या शब्दात कारण आहे, बाकी दोघांत नाही.

निवृत्त मास्तर
धुरकरी, तुमचा बैल शास्त्रात बसतो. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायकाची लक्षणं आहेत: लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः. लोभी, उद्धट, ताठर, पापी आणि व्यसनी. इथलं व्यसन दारूचं नव्हे, ज्याच्यापायी माणूस घसरतो ते. म्हणजे मोठे बाबा म्हणतात ती खोडच की! तेव्हा सरकीताई, 'प्रतिनायक' लिहा. 'खलनायक' सिनेमाने पार झिजवलाय.

इब्लिस पोट्टं
मास्तर, पाचवीतल्या पोरांना प्रतिनायक? वर्गप्रतिनिधी समजतील.
माझ्या नावाचीच गोष्ट घ्या. इब्लिस म्हणजे सैतान, पण आमच्याकडे आजी नातवाचा मुका घेत म्हणते, "लय इब्लिस हाय!" एवढा मोठा खल लाडाचा झाला.

ज्वारीचं कणीस
खल शब्द खळ्यावरूनच आलाय ना? खळ्यावर धान्य तुडवतात, तसा माणसं तुडवणारा तो खल. आमचे आजोबा हेच सांगायचे.

निवृत्त मास्तर
आजोबांना नमस्कार, पण नाही. संस्कृतात खल म्हणजे खळंही आणि दुर्जनही, एवढ्याने नातं ठरत नाही. उद्या खलबत्ताही आणाल. त्यापेक्षा पसायदान बघा, 'जे खळांची व्यंकटी सांडो'. खळ मरो, असं ज्ञानदेव म्हणत नाहीत. वाकडेपणा गेला की माणूस उरतो, असं मागणं आहे. तो वाकडेपणा कुठून आला, ते तुमच्या गोष्टीत दिसू दे.

वडसेकर
शब्द कोणताही घ्या, माणूस उभा राहिला पाहिजे. झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव रात्रभर नाटकं. थंडीत पहाटेपर्यंत लोकांना बसवायचं कोणी? नायक गाणं म्हणून मोकळा. आमच्या गावात एकदा सावकार झालेला नट गहाणाचा कागद फाडायला जातो, मग घडी करून खिशात ठेवतो. त्या एका घडीवर बाया शिव्या देत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्याला चहा पाजताना एक आजी म्हणाली, "फाडून टाकला असता तं का झालं असतं?"

धुरकरी
वा! मला कीचक आठवला. राणीचा भाऊ, सेनापती, सगळा दरबार त्याच्या दबावात. भर सभेत सैरंध्रीला लाथ मारतो आणि विराट राजा गप्प. राक्षसाहून भीती या गप्प बसण्याची. असे कीचक गावोगाव आहेत. त्याला मारून भीमाने दरीत फेकला, ती कीचकदरा. त्याचंच झालं चिखलदरा.

शुद्धमती
हे कोणत्या नियमाने? चिखल आणि दरा, दोन्ही शब्द डोळ्यांसमोर असताना कीचकाला कशाला खेचायचं?

इब्लिस पोट्टं
ताई, तिथे भीमकुंड आहे. भीमाने हात धुतले ते.

शुद्धमती
भीमाने हात धुतलेली कुंडं मोजायला बसलो तर भीम दिवसभर हातच धूत होता असं वाटेल. मी दंतकथेबद्दल बोलत नाहीये, व्युत्पत्तीबद्दल बोलतेय.

ज्वारीचं कणीस
मग लोणारचं काय? लवणासुरावरूनच ना? दैत्यसूदनाचं देऊळ आहे तिथे.

निवृत्त मास्तर
लोणार लवणावरून, तळ्याचं पाणी खारं आहे. असुराला नावही त्याच मिठाचं. पण त्या कथेत गंमत आहे. असुर भुयारात लपलेला, ठावठिकाणा सांगतात त्याच्याच बहिणी. त्याला घर आहे, बहिणी आहेत.

सरकी
सगळ्यांचे आभार, डोकं भणभणतंय. जादूगार बदलला. आता तो एकदम विहीर पीत नाही. दरसाल नांगराच्या एका तासाने धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरावा तसा थोडी थोडी सरकवून घेतो. विचारलं तर जुना सातबारा काढून दाखवतो, त्यावर त्याच्या बापाची विहीर लिहिलेली असते. काल वाचलं तेव्हा एक पोरगं म्हणालं, "आमचे काका असेच हायेत." मोठे बाबा मात्र सुपारी कातरायचे थांबले. आमचाही धुऱ्याचा वाद आहे, ते मी विसरलेच होते.
पण मूळ प्रश्न राहिला. खोडील ठेवू की नको?

शुद्धमती
ठेवायचा तर अवतरणात ठेवा.

वडसेकर
अवतरणात ठेवला तर पोरांना वाटेल जादूगाराचं आडनाव आहे.

धुरकरी
शुद्धमतीताई, पावसाळ्यात कधी चिखलदऱ्याला गेलात का?

शुद्धमती
गेलेय. चप्पल अजून तिथेच आहे. म्हणूनच सांगतेय, चिखल!