ग्रॅनाइट आणि किरणोत्सर्ग: मोजायचं काय?

कुणीतरी लिहिलंय की स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) ठेवला तर तो टकटक वाढवतो, म्हणजे दगड धोकादायक. टकटक खरी आहे, निष्कर्ष घाईचा आहे.

ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम-४० हे किरणोत्सर्गी घटक थोड्या प्रमाणात असतातच. (पोटॅशियम-४० आपल्या शरीरातही असतं, त्याची कुणी धास्ती घेत नाही.) काउंटर दगडाला चिकटवून मोजलेला आकडा आणि तुम्हाला वर्षभरात मिळणारी मात्रा या वेगळ्या गोष्टी. दोन पावलं मागे सरका, आकडा उतरतो. नैसर्गिक किरणोत्सर्गाची जागतिक सरासरी वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचं एकक) आहे; ओट्यामुळे त्यात पडणारी भर बहुधा नगण्य.

खरा विषय रेडॉनचा. युरेनियमच्या विघटनाच्या साखळीत रेडियमपासून हा किरणोत्सर्गी वायू तयार होतो, अर्धायु (निम्मा वायू विघटित व्हायला लागणारा काळ) ३.८ दिवस, म्हणजे फटीतून बाहेर पडून खोलीत साचायला भरपूर वेळ. त्याची अपत्यद्रव्यं (रेडॉनच्या विघटनातून बनणारे किरणोत्सर्गी घटक) श्वासातून फुप्फुसात बसतात आणि तिथे पेशींना इजा करणारे अल्फा कण सोडतात. पण घरातला बहुतेक रेडॉन येतो जोत्याखालच्या जमिनीतून. घट्ट, पॉलिश केलेल्या फरशीतून तो फारसा निसटत नाही.

त्यामुळे ओटा उखडण्याआधी तळमजल्यावर रेडॉन डिटेक्टर लावा, तोही निदान तीन महिने. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेची संदर्भपातळी घनमीटर हवेला १०० बेकरेल (किरणोत्सर्गाचं एकक: सेकंदाला एक विघटन) आहे. त्याहून जास्त निघालं तर जमिनीच्या भेगा बुजवा, हवा खेळती ठेवा.