अँटिगनीची आधुनिक रूपे: आधी कोणते वाचावे?

प्रश्न: प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ नुकतेच वाचले; त्यात राजा क्रेऑनची बंदी मोडून अँटिगनी आपल्या भावाचे दफन करते. आधुनिक रूपांतरांत क्रेऑनची बाजू कुठे नीट मांडली आहे?

प्रतिसाद १: फ्रेंच नाटककार झां आनुईचे ‘अँटिगनी’ वाचा. १९४४ साली जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये रंगमंचावर आलेल्या या नाटकात क्रेऑन अँटिगनीला वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा करतो, भावांची प्रेते ओळखू येण्याजोगीही उरली नव्हती हे सांगतो, तरी ती हटत नाही.

प्रतिसाद २: मला ‘द आयलंड’ (१९७३) अधिक भिडते. दक्षिण आफ्रिकेतील रॉबेन बेटाच्या तुरुंगावर बेतलेल्या या नाटकात दोन कैदी हीच कथा बसवतात. अँटिगनी झालेला विन्स्टन शेवटी विग ओरबाडून काढतो आणि स्वतःच्या जन्मठेपेविषयी बोलतो.

प्रतिसाद ३: सहमत. मात्र तिथे क्रेऑन साकारणाराही कैदीच आहे, म्हणून आपल्या प्रश्नासाठी आनुईच आधी वाचावा.