शब्दचर्चा : 'शेड्यूल्ड जॉब'ला मराठीत काय म्हणावं?

पोटकोश :
एका क्लाउड मार्गदर्शिकेचं मराठी करायचं आहे. बिगक्वेरीत, म्हणजे गूगलच्या मोठ्या डेटा-कोठारात, ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्वेऱ्यांची (डेटाला विचारलेल्या प्रश्नांची) यादी टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, कशी काढायची, हा विषय. 'लिस्ट शेड्यूल्ड जॉब्ज'ला मसुद्यात 'अनुसूचित कार्यांची सूची' असं आलंय. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचतोय असं वाटतं. दुसरं काही सुचवा.

शेवटचं पान :
'अनुसूचित' चूकच आहे. इंग्रजी शेड्यूल म्हणजे मुळात कागदाची चिठ्ठी; पुढे त्या शब्दाला दोन वाटा फुटल्या. कायद्याला जोडलेली यादी ती अनुसूची. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नाव असलेली बँक, म्हणून ती अनुसूचित बँक. गाड्यांचं असतं ते वेळापत्रक, आणि इथे तोच अर्थ हवा. 'नियोजित' वापरायचा मोहही टाळा. नियोजित पूल म्हणजे अजून न झालेला पूल. ही क्वेरी तर रोज रात्री चालते आहे.

काळी खिडकी :
घोळ 'शेड्यूल्ड'पेक्षा 'जॉब'मध्ये जास्त आहे. बिगक्वेरीत जॉब म्हणजे एकदाच झालेलं काम. 'बीक्यू एलएस' (बिगक्वेरीची यादी काढायची कमांड), पुढे एक डॅश आणि जे, एवढं दिलंत तर होऊन गेलेली किंवा चालू असलेली कामं दिसतात, तीही फक्त तुमची. सगळ्यांची हवी असतील तर डॅश ए जोडायचा. एका वेळी ५० ओळी येतात, आकडा वाढवता येतो. इतिहास सहा महिन्यांचा. उद्या पहाटे काय चालणार आहे, ते या यादीत कधीच दिसणार नाही.

क्लाउड शेड्यूलर या गूगलच्याच वेगळ्या सेवेत नेमकं उलटं आहे. तिथे जॉब म्हणजे कायमची लावून दिलेली व्यवस्था. ॲमेझॉनच्या ग्लू या डेटा-सेवेमध्ये जॉब ही नुसती कामाची व्याख्या असते. प्रत्यक्ष चालणं म्हणजे 'जॉब रन' आणि वेळ ठरवणारा 'ट्रिगर' वेगळाच. तीन ठिकाणी 'कार्य' लिहिलंत तर वाचणारा तिन्ही ठिकाणी फसेल.

पोटकोश :
मग बिगक्वेरीतली कायमची व्यवस्था कुठे दिसते? क्लाउड शेड्यूलरच्या यादीत शोधली, तिथे नाही.

काळी खिडकी :
तिथे नसणारच. ठरलेल्या क्वेऱ्या बिगक्वेरीची डेटा ट्रान्सफर सेवा चालवते. कमांड फोनवर सांगावी तशी सांगतो : बीक्यू एलएस, मग डॅश डॅश ट्रान्सफर अंडरस्कोर कॉन्फिग, मग डॅश डॅश ट्रान्सफर अंडरस्कोर लोकेशन, बरोबरचं चिन्ह, आणि जागा. मुंबईसाठी एशिया डॅश साउथ लगेच १, दिल्लीसाठी तेच पण २. व्यवस्था मुंबईत आणि विचारलंत अमेरिकेला, तर यादीत ती येत नाही, आणि 'आपलं काहीच लावलेलं नाही' असा समज होतो. याच यादीत बाहेरून डेटा आणणाऱ्या व्यवस्थाही मिसळलेल्या असतात. नुसत्या क्वेऱ्या हव्या असतील तर फिल्टरमध्ये डेटासोर्स आयडीज, कोलन, शेड्यूल्ड अंडरस्कोर क्वेरी.

शेवटचं पान :
हे वाचून एक शब्द आठवला : रतीब. अरबीतून आलेला, ठरावीक नेमणूक अशा अर्थाचा. गिऱ्हाईक रतीब *लावतं*, गवळी रतीब *घालतो*. व्यवस्था करणं आणि ती रोज पार पडणं, दोन्हींना वेगळी क्रियापदं आयती आहेत. रोजची एकेक वेळ ती खेप. एखादा दिवस चुकला तर खाडा. तेव्हा ट्रान्सफर कॉन्फिग हा रतीब आणि ट्रान्सफर रन ही खेप.

उन्हाळी पाणी :
रतीब गोड आहे, पण पिशवीतल्या दुधाच्या पिढीला तळटीप द्यावी लागेल. 'आवर्तन' कसं? कालव्याला सुटतं तसं.

शेवटचं पान :
आवर्तन म्हणजे एकदा सुटलेलं पाणी. ते खेपेच्या जागी चालेल, व्यवस्थेच्या जागी नाही. शिवाय कालव्याचं आवर्तन बरेच दिवस चालतं. क्वेरी मिनिटात संपते.

काळी खिडकी :
माझं मत रतीबाला, कारण 'स्टेट' या रकान्याचा गोंधळ त्याने सुटतो. यादीत प्रत्येक व्यवस्थेसमोर 'सक्सीडेड' किंवा 'फेल्ड' येतं. लोक समजतात, ही व्यवस्थेची प्रकृती. तसं नाही, ती शेवटच्या खेपेची अवस्था आहे. रतीब बंद करून ठेवला तरी रकान्यात शेवटचं 'सक्सीडेड' तसंच राहतं. बंद आहे का, ते बघायला बीक्यू शो ला व्यवस्थेचं पूर्ण नाव देऊन प्रीटीजेसन (ओळीओळीने मांडलेलं) स्वरूप मागायचं आणि 'डिसेबल्ड'पुढे ट्रू आहे का ते पाहायचं. पुढची खेप कधी, तेही तिथेच, 'नेक्स्ट रन टाइम'मध्ये. म्हणून रकान्याचं मराठी 'स्थिती' नको, 'शेवटच्या खेपेची स्थिती' करा. लांब आहे, पण खरं आहे.

उन्हाळी पाणी :
पटलं. वेळेचीही तळटीप घाला. वेळापत्रकातली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपण साडेपाच तास पुढे. सकाळी ६ ची खेप हवी तर ००:३० लिहायचं. सोमवारी पहाटे २ ची हवी असेल तर *रविवार* २०:३०. वार बदलायला विसरलात की ती मंगळवारी पहाटे चालते.

पोटकोश :
आणि 'बॅकफिल'? चुकलेल्या तारखांच्या खेपा मागाहून चालवणं. मसुद्यात 'पृष्ठभरण' आहे. हसू नका.

उन्हाळी पाणी :
'अनुशेष भरून काढणे'. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीपासून महाराष्ट्रात हा शब्द सिंचनापासून रस्त्यांपर्यंत रुळलेला आहे. अर्थही तंतोतंत : मिळायला हवं होतं, राहिलं, आता भरा.

शेवटचं पान :
फक्त खाडा कुठला, ते आधी दाखवा. ट्रान्सफर रनची यादी मागून फिल्टरमध्ये स्टेट्स, कोलन, फेल्ड. पण व्यवस्था बंद असतानाचे दिवस तिथे 'फेल्ड' म्हणून येणार नाहीत, कारण त्या दिवशी खेप निघालीच नव्हती. ते तारखा मोजूनच काढावे लागतात.

पोटकोश :
मग मथळा असा करतो : 'लावलेल्या रतीबांची यादी', खाली बारीक अक्षरात 'ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या क्वेऱ्या'. बीक्यू एलएस डॅश जे च्या प्रकरणाला 'झालेल्या कामांची यादी'. ग्लूच्या प्रकरणात 'जॉब' तसाच ठेवतो.