'यादृच्छिक पद्धतीने निवडलेले कुटुंब': घरात वाचून समजेल असा शब्द कोणता?

प्रश्न, धनकवडी

एका पोषण सर्वेक्षणाचे माहितीपत्रक मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वस्त्यांमध्ये घरोघर ते वाचून दाखवले जाणार आहे. त्यात एक वाक्य आहे: 'या सर्वेक्षणासाठी आपले कुटुंब यादृच्छिक पद्धतीने निवडले गेले आहे.' इथल्या अंगणवाडीताईंना ऐकवले, तर त्यांनी विचारले, 'म्हणजे कुठल्या यादीत नाव होतं का?' दुसऱ्या एका ताईंनी 'सरसकट' सुचवले. आमच्या सरांना 'वानगीदाखल' हवे आहे. मला स्वतःला 'कोणतेही एक घर' बरे वाटते. योग्य शब्द सुचवा आणि कारणही लिहा, कारण ते मला सरांना पटवून द्यायचे आहे.

कर्वेनगर

ताई, 'सरसकट' आधी काढून टाका. सरसकट कर्जमाफी, सरसकट पंचनामे म्हणतो तेव्हा कोणालाही न वगळता सगळे, असा अर्थ असतो. सरसकट सगळी घरे घेतली तर ती जनगणनाच झाली, नमुना पाहणी राहिली नाही.

'वानगी' आणि 'मासला' हे सुंदर शब्द आहेत, पण इथे चालत नाहीत. वानगी दाखवणारा माणूस ती निवडून काढतो. 'वानगीदाखल दोन उदाहरणे देतो' असे मी म्हणतो, तेव्हा ती दोन माझ्या मुद्द्याला पूरक अशीच शोधलेली असतात. सर्वेक्षणात हीच मोकळीक काढून घ्यायची असते.

'कोणतेही' हा सर्वांत फसवा, कारण तो सोपा वाटतो. कोणतेही म्हणजे कोणाच्या मर्जीने? माहिती घेणाऱ्याला वस्तीत 'कोणतीही वीस घरे घ्या' म्हणून सोडले, तर तो रस्त्यालगतची, दार उघडे असलेली, तळमजल्यावरची, बसायला खुर्ची देणारी घरे घेईल. त्यात त्याचा काही दोष नाही, दिवसभर उन्हात फिरणारा माणूस तेच करणार. पण मग मागच्या बोळातली, पत्र्याची, दिवसभर कुलूप असलेली घरे सुटतात. ज्या मुलांची उंची वयाला कमी पडते, ती मुले बहुधा तिथेच राहतात.

आता 'यादृच्छिक'. संस्कृतात यदृच्छा म्हणजे आपोआप घडणे, योगायोग. आपल्या बोलण्यातला 'रँडम' याच अर्थाकडे झुकतो. 'काहीतरी रँडम बोलू नकोस' म्हणजे ताळतंत्र नसलेले. संख्याशास्त्रात मात्र यादृच्छिक निवड ही सगळ्यांत काटेकोर निवड असते. संपूर्ण यादी आधी तयार हवी, यादीतल्या प्रत्येक घराला निवडले जाण्याची संधी किती ते आधी ठरलेले हवे, ती कोणासाठीही शून्य नको, आणि निवड माणसाच्या मनावर सोडलेली नको. शास्त्रीय अहवालात 'यादृच्छिक' राहू द्या, तिथे त्याला पर्याय शोधू नये. पत्रकात मात्र तो शब्द काही काम करत नाही.

हडपसर

मी काही वर्षे अशा सर्वेक्षणांत घरोघर फिरले आहे. दारात उभे राहिल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: 'आमचंच घर का? शेजारचं का नाही?' त्याला 'यादृच्छिक' हे उत्तर दिले की माणूस दार अर्धे लोटून घेतो.

मी काय सांगायचे ते लिहिते. आधी मॅपर आणि लिस्टर येतात. एकजण वस्तीचा नकाशा काढतो, दुसरा सगळ्या घरांची यादी करतो आणि चौकटीवर नंबर टाकतो. निवड नंतर, ऑफिसात होते. समजा यादीत १५४ घरे आली आणि त्यांतली २२ घ्यायची आहेत. १५४ भागिले २२ म्हणजे ७, म्हणून दर सातवे घर. सुरुवात कुठून करायची, तर १ ते ७ मधला एक आकडा सोडतीसारखा काढायचा. ३ आला तर ३, १०, १७, २४ असे करत शेवटचे १५० नंबरचे घर. टीमच्या हातात पडते ती ही तयार यादी. मला आवडले म्हणून ११ नंबरच्या घरात मी शिरू शकत नाही, आणि १० नंबरच्या आजी रागावल्या म्हणून त्यांना गाळूही शकत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या आणि पाचव्या फेरीत एका गावातून किंवा शहरातल्या एका प्रगणन गटातून (जनगणनेसाठी पाडलेल्या भागातून) २२ कुटुंबे घ्यायची, असेच ठरलेले होते. म्हणून माझे मत 'सोडतीने'. म्हाडाची सोडत, आरटीई प्रवेशाची सोडत, प्रभाग आरक्षणाची सोडत, पुण्यात हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. सोडतीत वशिला चालत नाही हेही लोकांना ठाऊक असते.

शिवाजीनगर

ताई, 'सोडत' कळेल हे खरे, पण सोडत लागते तेव्हा काहीतरी मिळते. घर मिळते, शाळा मिळते. 'तुमचे कुटुंब सोडतीने निवडले' असे वाचले की रेशन मिळणार की योजना, हाच प्रश्न येणार. आणि इथे तर देण्याऐवजी घ्यायचेच आहे: तासभर वेळ, मुलांचे वजन, उंची, बोटातून रक्ताचा थेंब. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात तर हजारो मुलांचे रक्त आणि लघवीचे नमुने घेतले होते. मला 'चिठ्ठ्या टाकून' जास्त सरळ वाटते. चिठ्ठी टाकताना लाभ गृहीत नसतो. पाळी कोणाची हे ठरवायलाही आपण चिठ्ठ्याच टाकतो.

'प्रातिनिधिक कुटुंब' चालेल का? आणि 'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण पत्रकात घालता येईल का?

कर्वेनगर

'चिठ्ठ्या टाकून' मला पटले. प्रत्यक्षात चिठ्ठ्या नसतात, आकडा असतो, पण अर्थ तंतोतंत पोचतो.

म्हण घालू नका. एका शितावरून भात कळतो, कारण पातेल्यातला सगळा भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. पुणे शहर तसे एकजीव नाही. पाषाणच्या सोसायटीतले घर पाहून जनता वसाहत या झोपडपट्टीतल्या मुलाचे वजन कळत नाही. म्हणूनच आधी शहरी-ग्रामीण असे स्तर पाडतात आणि प्रत्येक स्तरातून वेगळी निवड करतात.

'प्रातिनिधिक कुटुंब' तर मुळीच नको. असे कुटुंब अस्तित्वात नसते. निवडलेला सगळा संच मिळून प्रातिनिधिक ठरतो, त्यातले एकेक घर नाही. घरातल्या बाईंना 'तुम्ही प्रातिनिधिक आहात' म्हटले, की त्या आदर्श उत्तरे द्यायला लागतील. काल काय जेवलात विचारले तर भाकरी-कोरड्यासाऐवजी पालेभाजी, वरण, कोशिंबीर सांगतील. शब्दाने उत्तर बदलते ते असे.

इथे पां. वा. सुखात्मे यांची आठवण काढायलाच हवी. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातले बुध हे गाव, शिक्षण फर्ग्युसनमध्ये. नमुना निवडीच्या शास्त्रात जगभर मानले गेलेले नाव. रोमला अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख, आणि निवृत्तीनंतर पुण्यात. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोजचे २,२५० उष्मांक धरून गरिबीचा अभ्यास मांडला. सुखात्मे यांचे म्हणणे होते की एकाच माणसाची गरजही दिवसागणिक कमीजास्त होते, म्हणून सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येकजण उपाशी, असे धरता येत नाही. वादात कोण बरोबर यावर मी इथे शिरत नाही. पण समूहाची सरासरी एकेकट्याच्या अंगावर चढवू नये हा धडा या शहरात पन्नास वर्षांपूर्वी चर्चिला गेला आहे. 'प्रातिनिधिक कुटुंब' लिहून आपण तीच गफलत करू.

धनकवडी

मग असे लिहू का: 'प्रत्येक घराला समान संधी देऊन, चिठ्ठ्या टाकून आपले कुटुंब निवडले आहे'? 'समान संधी' ऐकायला चांगले वाटते.

कर्वेनगर

ऐकायला चांगले, पण देशभराच्या सर्वेक्षणात खरे नाही. एका जिल्ह्याच्या एका स्तरात संधी साधारण सारखी राखतात. तीही कशी, ते पाहण्यासारखे आहे. समजा एका गावात ६०० घरे, दुसऱ्यात १५०. गावे निवडताना मोठ्या गावाला चौपट संधी देतात. पण निवड झाली की दोन्हीकडून २२ घरेच घ्यायची, म्हणजे मोठ्या गावातल्या घराची आतली संधी चौथाई होते. चौपट गुणिले चौथाई, दोन्ही गावांतल्या घरांची संधी सारखीच झाली.

जिल्ह्याजिल्ह्यांत मात्र ती सारखी नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ दरम्यान, ७०७ जिल्ह्यांत मिळून ६,३६,६९९ कुटुंबांची माहिती घेतली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर, सिंधुदुर्गाची साडेआठ लाखांच्या आसपास. दोन्हीकडून जवळपास तेवढीच घरे घेतली, तर सिंधुदुर्गातल्या घराला निवडले जाण्याची संधी किती तरी जास्त. हिशेब करताना प्रत्येक घराला वेगळा भार देऊन, म्हणजे कमी संधी मिळालेल्या घराचे उत्तर जास्त वजनाने मोजून, हे सावरून घेतात. म्हणून 'समान' नको. 'ठरलेल्या नियमाने, चिठ्ठ्या टाकून' लिहा.

शनिवार पेठ

तुम्ही सगळे 'यादृच्छिक'वर अडलात, माझ्या मते खरी अडचण 'कुटुंब' या शब्दात आहे. जुन्या पुणेरी बोलण्यात 'आमचं कुटुंब' म्हणजे बायको. आता कुटुंब म्हणजे रक्ताची नाती, मग ती अमेरिकेत का असेनात. सर्वेक्षणाला यातले काहीच नको असते. त्याला हवी आहेत एका छपराखाली राहणारी आणि एका चुलीवरचे जेवणारी माणसे. आपल्याकडे यासाठी शब्द आहे: चूल. 'भावांनी वेगळी चूल मांडली' म्हटले की वाडा एक असला तरी घरे दोन झाली, हे लहान मुलालाही कळते.

उंबरा मोजला तर फसगत होते. 'दोनशे उंबऱ्यांचे गाव' म्हणतो तेव्हा दारे मोजलेली असतात. पेशवाईतल्या कागदांत 'खानेसुमारी' भेटते, तीही मुळात घरांची मोजणी, खाने म्हणजे घर. पण पोषण दाराने ठरत नाही, ताटात काय पडते त्याने ठरते.

आमच्या पेठेतले उदाहरण घ्या. एका खोलीत स्पर्धा परीक्षेची चार मुले राहतात आणि चौघेही मेसला जेवतात. जनगणनेच्या नियमाने ती चार कुटुंबे आहेत, कारण सामाईक स्वयंपाक नाही. त्याच चौघांनी गॅस आणून आळीपाळीने खिचडी लावली की झाले एक कुटुंब. हे 'कुटुंब' शब्दातून कोणाला कळणार? 'चूल' म्हटले की कळते.

हडपसर

काका, अगदी बरोबर, फक्त एक भर. आम्ही चूल विचारायचो आणि त्याच्या जोडीला 'काल रात्री इथे कोण कोण झोपलं होतं?' हेही विचारायचो. पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या महिन्यात आईकडे आली आणि काल रात्री तिथे होती, तर तिचे हिमोग्लोबिन माहेरच्या घरात मोजले जाते. घरचे म्हणतात, 'ती आता आमची नाही, सासरी विचारा.' तिला गाळले तर गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा आकडाच चुकेल. पत्रकात 'काल रात्री घरात असलेली पाहुणी मंडळीसुद्धा' हे शब्द जरूर घाला.

आणि यादीबद्दल सांगते. मोठ्या वस्तीचे आधी तुकडे पाडतात आणि त्यांतले दोन घेतात. त्यांची यादी मात्र नव्याने करावीच लागते, कारण जनगणना २०११ ची आणि वस्ती आजची. २०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या उंड्री, आंबेगावसारख्या गावांचे तेव्हाचे आकडे आणि आजचे टॉवर यांचा मेळ कसा बसणार? नवीन यादी केल्याशिवाय चिठ्ठीला अर्थ नाही. अंगणवाडीताईंनी 'यादी' ऐकले ते एका अर्थी बरोबरच होते.

शिवाजीनगर

'नमुना' शब्दाचे काय करायचे? 'राष्ट्रीय नमुना पाहणी' रूढ आहे, पण दारात 'तुम्ही आमचा नमुना आहात' म्हटले तर भांडण होईल. आणि 'सॅम्पल' म्हटले तर पुण्यात मिसळीचा रस्सा डोळ्यांपुढे येतो.

कर्वेनगर

'नमुना' माणसांना लावू नका. 'नमुना पाहणी' पाहणीचे नाव म्हणून राहू द्या, घराला 'निवडलेले घर' एवढेच म्हणा.

धनकवडी

सर्वांचे ऐकून असा मजकूर केला आहे:

'तुमच्या वस्तीतल्या सगळ्या घरांची यादी केली आहे. त्या यादीतून ठरलेल्या नियमाने, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही घरे निवडली आहेत. त्यात तुमचे घर आले आहे. ही निवड कोणाच्या सांगण्यावरून झालेली नाही. यातून कोणतीही योजना मिळणार नाही किंवा बंद होणार नाही. एका चुलीवर जेवणारे सगळे आणि काल रात्री घरात असलेली पाहुणी मंडळी, यांची माहिती आम्ही विचारू. तुम्ही घरी नसाल तर आम्ही पुन्हा येऊ, तुमच्याऐवजी शेजारचे घर घेणार नाही.'

सरांना शेवटचे वाक्य अनावश्यक वाटते. काढू का?

हडपसर

काढू नका, ताई. कुलूप दिसले की शेजारचे घर घ्यावे असा मोह टीमलाही होतो. कुलूप कोणाच्या दाराला असते? जिथे बाई धुण्याभांड्याला किंवा साइटवर गेलेली असते तिथे. तिच्याऐवजी शेजारी दिवसभर घरी असलेल्या बाईंची माहिती घेतली, तर कामावर जाणाऱ्या आईचे मूल सर्वेक्षणातून गायब होते. मी अशा घरी रात्री आठ वाजताही गेले आहे. ती भाकऱ्या थापत होती, मूल तिच्या मांडीला टेकून झोपले होते. वजन सकाळी सातला येऊन घेतले.

त्या वाक्याखाली आणखी एक जोडा: 'तुम्ही नाही म्हणू शकता, त्याचा तुमच्या रेशनवर किंवा अंगणवाडीवर काही परिणाम होणार नाही.' हे वाक्य अंगणवाडीताईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितले तर लोकांचा जास्त विश्वास बसतो.