सार्वजनिक वायफायची लॉगिन खिडकी आपोआप उघडू द्यावी का?

धागाकर्ता
स्टेशन, विमानतळ, हॉटेल. वायफाय जोडलं की दोन-तीन सेकंदांत संगणक स्वतःच एक पान समोर आणून ठेवतो : मोबाइल नंबर द्या, ओटीपी टाका. माझं ठाम मत आहे की संगणकावर हे बंद करावं.

जोडणी होताच मॅक कॅप्टिव्ह.अ‍ॅपल.कॉमवरचं एक छोटं पान मागतो. त्यात फक्त 'सक्सेस' हा शब्द असतो. तो आला तर इंटरनेट चालू. दुसरं काही आलं तर मध्ये लॉगिन आहे असं समजून खिडकी उघडते. ही विचारणा साध्या एचटीटीपीवर (कूटबद्ध नसलेल्या, वाटेत बदलता येणाऱ्या जोडणीवर) जाते, म्हणजे उत्तर काय द्यायचं हे हॉटस्पॉटवाल्याच्या हातात. एखाद्याने स्टेशनच्या वायफायचंच नाव देऊन स्वतःचा हॉटस्पॉट लावला, तर त्याचं पान तुम्ही न मागता तुमच्यासमोर येतं. शिवाय मॅकची ती खिडकी सफारी नव्हे. तिथे टॅब नाहीत, सफारीतल्या कुकीही नाहीत, त्यामुळे 'मला लक्षात ठेवा' वर खूण करूनही उपयोग होत नाही.

बंद करण्यासाठी टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) सुडोसह, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, 'डीफॉल्ट्स राइट' ही आज्ञा चालवा. फाइल : लायब्ररी, प्रेफरन्सेस, सिस्टिमकॉन्फिगरेशन या फोल्डरांतली कॉम.अ‍ॅपल.कॅप्टिव्ह.कंट्रोल. किल्ली 'अ‍ॅक्टिव्ह', बुलियन किंमत 'फॉल्स'. मग मॅक रीस्टार्ट करा. पूर्ववत करायला तीच आज्ञा, 'ट्रू' घालून. खिडकी उघडणाऱ्या अ‍ॅपचं नाव बदलण्याचा जुना उपाय आता विसरा. बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीपासून सिस्टिमचा भाग सीलबंद असतो.

केबलकरी
साफ असहमत. मॅकपुरतं एकवेळ चालेल, पण हेच वाचून कोणी विंडोजवर करायला गेलं तर फसेल.

विंडोज एमएसएफटीकनेक्टटेस्ट.कॉमवरून 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढा मजकूर मागवतं. त्या एकाच तपासणीवर दोन गोष्टी ठरतात : लॉगिनचं पान उघडायचं का, आणि टास्कबारवर 'इंटरनेट नाही' दाखवायचं का. रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या साठ्यात) एनएलएएसव्हीसी सेवेच्या पॅरामीटर्स, इंटरनेट या जागी 'एनेबल अ‍ॅक्टिव्ह प्रोबिंग' १ चं ० केलं की दोन्ही बिघडतात. ब्राउझर छान चालतो, पण टास्कबारवरच्या पृथ्वीगोलाच्या चिन्हावर 'इंटरनेट नाही' दिसत राहू शकतं. आणि ऑफिससारखे प्रोग्राम त्या खुणेवर विसंबून असतात, त्यामुळे साइन-इन करताना ते 'तुम्ही ऑफलाइन आहात' म्हणून अडून बसतात. मग माणूस राउटर बदलतो, ड्रायव्हर बदलतो, आणि दोष भलतीकडेच असतो.

कार्यालयातल्या सगळ्या लॅपटॉपवर ग्रुप पॉलिसीने (एका जागेवरून सगळ्यांना लागू होणाऱ्या नियमाने) हे बंद करणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. पॉलिसी लागलेली असेल तर रजिस्ट्रीतलं ० परत १ करून काहीच होत नाही. आधी पॉलिसी काढावी लागते.

अवकाळी
केबलकरींशी सहमत, आणि माझा आक्षेप त्याहून मोठा आहे. खिडकी बंद केल्यावर लोक काय करतात? ब्राउझरमध्ये नेहमीची साइट उघडतात. ती एचटीटीपीएसवर (कूटबद्ध जोडणीवर) असते. हॉटस्पॉट तिला मध्येच आपल्या पानाकडे वळवू पाहतो, सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) जुळत नाही, लाल इशारा येतो. बँकेसारख्या बऱ्याच साइटना एचएसटीएस (फक्त एचटीटीपीएसच चालेल अशी सक्ती) असतं, तिथे पुढे जाताच येत नाही. ते नसेल तिथे लोक 'तरीही पुढे जा' दाबतात. सर्टिफिकेटचा इशारा ओलांडायची सवय लागणं हे आपोआप उघडणाऱ्या पानापेक्षा कितीतरी घातक आहे.

धागाकर्ता
इशाऱ्याचा मुद्दा मान्य, पण तिथवर जायचंच कशाला? पत्त्याच्या पट्टीत नेव्हरएसएसएल.कॉम टाका. ती साइट मुद्दाम एचटीटीपीएसशिवाय ठेवलेली आहे, हॉटस्पॉट तिला सहज वळवतो. तेही जमलं नाही तर गेटवेचा (हॉटस्पॉटच्या राउटरचा) आयपी पत्ता थेट उघडून पाहा : विंडोजवर आयपीकॉन्फिग चालवून 'डीफॉल्ट गेटवे' ची ओळ, मॅकवर नेटस्टॅटला आर आणि एन हे पर्याय लावून 'डीफॉल्ट' ची ओळ. ब्राउझर 'फक्त एचटीटीपीएस' वर असेल तर तो विचारेल; या एका साइटपुरतं हो म्हणा.

डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) हाताने भरलेला असेल, समजा १.१.१.१, तर मात्र पान येणार नाही अशी बरीच ठिकाणं आहेत. लॉगिन पानाचं नाव फक्त हॉटस्पॉटच्याच डीएनएसला माहीत असतं. तेवढ्यापुरता डीएनएस 'आपोआप' वर ठेवा.

अवकाळी
म्हणजे एक खिडकी टाळायला नेव्हरएसएसएल, गेटवे, डीएनएस हे सगळं पाठ करायचं? तुम्हाला जमेल. स्टेशनवर गाडी सुटायला दहा मिनिटं असताना घरातल्या वडीलधाऱ्यांना जमणार नाही.

टक्स
लिनक्सवर हा वाद बराच सोपा होतो. गनोम या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीखाली 'कनेक्टिव्हिटी चेकिंग' बंद करा, झालं. ते बटण नसेल तर नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या सेवेच्या कॉन्फ.डी फोल्डरात एक फाइल करून 'कनेक्टिव्हिटी' विभागात 'एनेबल्ड' ला 'फॉल्स' द्या आणि सेवा पुन्हा सुरू करा.

खरी चांगली रचना मला फायरफॉक्सची वाटते. तो पान उघडत नाही. वर एक पट्टी दाखवतो आणि लॉगिन पान उघडायचं का ते तुमच्यावर सोडतो. पानही नेहमीच्या टॅबमध्येच उघडतं, पत्ता समोर दिसतो. म्हणून मॅक किंवा लिनक्सची खिडकी बंद करा, पण फायरफॉक्सचं 'नेटवर्क.कॅप्टिव्ह-पोर्टल-सर्व्हिस.एनेबल्ड' हे सेटिंग चालूच ठेवा.

केबलकरी
टक्स, हे पटलं. धागाकर्त्यांचा मूळ त्रास मात्र वेगळा असू शकतो. एकाच ठिकाणी रोज नव्याने लॉगिन मागत असेल तर दोष बऱ्याचदा खिडकीचा नसून बदलत्या मॅक पत्त्याचा (मॅक संगणकाशी संबंध नाही, हा वायफाय उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) असतो. हॉटस्पॉट तुम्हाला त्या पत्त्यावरून ओळखतो. पत्ता बदलला की तुम्ही नवे. विंडोजवर ओळखीच्या नेटवर्कांच्या यादीत त्या नेटवर्कसाठी 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' बंद करा, 'रोज बदला' वर तर नकोच. सिक्वोया ही मॅकओएसची आवृत्ती असलेल्या मॅकवर वायफायच्या तपशिलात 'रोटेटिंग' ऐवजी 'फिक्स्ड' निवडा. खरा पत्ता लपलेलाच राहतो.

आणि व्हीपीएनवाल्यांनो, किल स्विच (व्हीपीएन जोडलेलं नसताना सगळं इंटरनेट अडवणारी सोय) चालू असेल तर लॉगिन पान येणारच नाही, खिडकी चालू असो वा बंद. आधी स्विच काढा, लॉगिन करा, मग व्हीपीएन जोडा.

धागाकर्ता
विंडोजबाबत शब्द मागे घेतो, तिथे प्रोबिंगला, म्हणजे त्या तपासणीला, हात लावू नका. मॅकबाबत मत कायम आहे.

साध्या एचटीटीपीवरची ही अडवाअडवी संपवण्याचा मार्ग सप्टेंबर २०२० पासून कागदावर आहे : आरएफसी ८९१० आणि ८९०८ ही इंटरनेटची मानकं. डीएचसीपीचा (जोडणी होताच उपकरणाला आयपी पत्ता वगैरे देणाऱ्या व्यवस्थेचा) ११४ क्रमांकाचा पर्याय वापरून नेटवर्क स्वतःच सांगतं की लॉगिनची माहिती या एचटीटीपीएस पत्त्यावर मिळेल. बिग सरपासून मॅकला ते समजतं. हॉटेल किंवा कॅफेचं वायफाय सांभाळणारं इथे कोणी असेल, तर राउटरच्या डीएचसीपीमध्ये ११४ भरता येतो का ते आधी पाहा. पत्ता वैध सर्टिफिकेटवालाच हवा, नुसता आयपी आकडा चालणार नाही.